आयर्नच्या गोळीने मळमळ, बद्धकोष्ठता होतेय? गोळी बंद करण्याआधी हे करून बघा

प्रेग्नन्सीत आयर्नची गोळी सुरू झाली की थोड्याच दिवसांत बऱ्याच जणींचं सुरू होतं, पोट साफ होत नाही, तोंडाला गंजलेल्या लोखंडाची चव, गोळी घेतली की अर्ध्या तासात मळमळ, आणि शी काळी झाली की घाबरायला होतं ते वेगळंच. मग गोळी एक दिवस राहते, दोन दिवस राहते आणि हळूहळू बंदच होते. चेकअपला डॉक्टरांनी विचारलं की "हो घेतेय" म्हणायचं, कारण ओरडा बसेल असं वाटतं. खरं नुकसान या न सांगण्याने होतं. डॉक्टर धरून चालतात की गोळी पोटात जातेय, तरी हिमोग्लोबिन वाढत नाही म्हटल्यावर ते डोस वाढवतात किंवा वेगळ्याच कारणाच्या टेस्ट करायला सांगतात, आणि त्रास आहे तिथेच राहतो. खरं तर या त्रासावर करण्यासारखं भरपूर आहे. वेळ बदलता येते, डोस कमी करता येतो, गोळीचा प्रकार बदलता येतो, अगदीच जमलं नाही तर शिरेतून आयर्न देता येतं. म्हणून हे सगळं एकदा नीट, क्रमाने लिहून काढलंय.

आधी दोन गोष्टी समजून घेऊ. पहिली म्हणजे गोळी का देतात. प्रेग्नन्सीत अंगातलं रक्त वाढत वाढत शेवटी जवळपास दीडपट होतं, शिवाय बाळाला आणि वारेला आयर्न लागतं, पूर्ण नऊ महिन्यांचा हिशोब केला तर साधारण १००० मिलिग्रॅम. बाळ जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांसाठीचा आयर्नचा साठाही पोटातच करून घेतं, तोही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. एवढं नुसत्या जेवणातून भरून निघणं बहुतेकींना जमत नाही. आयर्न खूप कमी पडलं तर दम लागणं, थकवा हे आहेच, पण बाळ लवकर जन्माला येण्याचा, वजन कमी भरण्याचा धोका वाढतो आणि डिलिव्हरीत रक्त गेलं तर ते शरीराला झेपत नाही.

दुसरी गोष्ट, त्रास का होतो. गोळीतलं आयर्न सगळं रक्तात जात नाही, थोडाच भाग शोषला जातो आणि उरलेला आतड्यातून पुढे सरकत जातो, जाता जाता पोटाच्या आणि आतड्याच्या अस्तराला त्रास देतो, आणि तोच शेवटी शी काळी करतो. त्यात प्रेग्नन्सीतल्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनमुळे आतडी आधीच मंद झालेली असतात, म्हणजे बद्धकोष्ठतेचा सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. यातून एक साधी गोष्ट कळते, न शोषलेलं आयर्न जितकं जास्त तितका त्रास जास्त, आणि म्हणून "जास्त ताकदीची गोळी म्हणजे जास्त चांगली" हे खरं नाही.

पहिली पायरी: पाकिटावरचा आकडा नीट वाचा

हे जवळजवळ कुणीच करत नाही आणि माझ्या मते सुरुवात इथूनच व्हायला हवी. पाकिटावर मोठ्या अक्षरात जे मिलिग्रॅम लिहिलेले असतात ते बऱ्याचदा पूर्ण क्षाराचं, म्हणजे आयर्न ज्या संयुगात असतं त्या अख्ख्या संयुगाचं वजन असतं, त्यात प्रत्यक्ष आयर्न किती ते वेगळं, त्याला एलिमेंटल आयर्न म्हणतात. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश आयर्न असतं, फेरस सल्फेटमध्ये साधारण एक पंचमांश (ड्राय प्रकारात जास्त, साधारण ३० टक्के), फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम एक अष्टमांश. म्हणजे ३०० मिलिग्रॅम फ्युमरेट आणि ३०० मिलिग्रॅम ग्लुकोनेट दिसायला सारखंच, पण पहिल्यात जवळपास १०० मिलिग्रॅम आयर्न आणि दुसऱ्यात ३५ च्या आसपास. मैत्रिणीला गोळी सोसते आणि मला नाही, असं जे वाटतं त्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

ॲनिमिया नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण शिफारस रोज ३० ते ६० मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न आणि सोबत ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड अशी आहे. ॲनिमिया असेल तर डॉक्टर जास्त डोस देऊ शकतात. प्रेग्नन्सीत हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, मधल्या तीन महिन्यांत ही रेघ १०.५ असते कारण तेव्हा रक्त नैसर्गिकरीत्याच थोडं पातळ होतं. फेरिटिन नावाची टेस्ट केली असेल तर ३० च्या खालचा आकडा साठा कमी असल्याचं सांगतो.

आता तुमचे आकडे आणि गोळीचा आकडा समोरासमोर ठेवा. हिमोग्लोबिन चांगलं आहे आणि तरी गोळी १०० मिलिग्रॅमची आहे, तर डॉक्टरांना सरळ विचारा की कमी डोस चालेल का. आणि हो, मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर त्यावरही वाचा, त्यातही आयर्न असतं, दोन्हीकडून मिळून डोस नकळत बराच होतो. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार तुम्हाला किंवा घरात कुणाला असेल तर तेही सांगा, अशा वेळी हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण वेगळं असू शकतं आणि आयर्न द्यायचं की नाही हे तपासूनच ठरवावं लागतं.

दुसरी पायरी: चार-पाच दिवस लिहून ठेवा

फोनमध्ये लिहा, वहीत लिहा. गोळी किती वाजता घेतली, कशासोबत, त्रास काय झाला आणि किती वेळाने, पोट साफ झालं का. एवढंच. गोळीनंतर तासाभरात मळमळतंय की सकाळपासूनच मळमळतंय हे कळणं महत्त्वाचं, कारण दुसऱ्या केसमध्ये गोळीची वेळ बदलून फार फरक पडणार नाही. पुढचे बदलही एका वेळी एकच करा आणि त्याला चार-पाच दिवस द्या, नाहीतर नक्की कशाने बरं वाटलं ते समजतच नाही.

तिसरी पायरी: वेळ आणि सोबत काय

रिकाम्या पोटी आयर्न सगळ्यात चांगलं शोषलं जातं, हे खरं. पण रिकाम्या पोटीच मळमळही सगळ्यात जास्त होते, हेही तितकंच खरं. पुस्तकात लिहिलंय म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि वीस मिनिटांनी उलटून टाकायची याला काही अर्थ नाही. आधी जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर घेऊन बघा, नाही सोसली तर थोडंसं काहीतरी खाऊन घ्या, तरी नाही तर जेवणासोबत घ्या. जेवणासोबत घेतल्याने शोषण बरंच कमी होतं, पण पोटात टिकलेली गोळी काहीतरी तरी देते.

चहा आणि कॉफी मात्र गोळीच्या जवळ नकोत, एक ते दोन तासांचं अंतर ठेवा. दूध, दही, चीज, आणि कॅल्शियमची गोळी यांचंही तसंच, कॅल्शियम आणि आयर्न एकत्र घेतले तर आयर्न कमी शोषलं जातं, दोन्हीत निदान दोन तास हवेत. गोळी साध्या पाण्यासोबत किंवा लिंबूपाणी, संत्र्याचा रस अशा आंबट गोष्टीसोबत घ्या, व्हिटॅमिन सीने शोषणाला मदत होते. पण आंबटाने छातीत जळजळ वाढत असेल तर सरळ पाणीच बरं, आणि व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी घेतलीच पाहिजे असंही नाही.

बाकी औषधांचा हिशोब इथेच लावून टाका. थायरॉइडची गोळी आणि आयर्न यात ४ तास अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट लागू पडत नाही. ब्लड प्रेशरसाठी मिथाइलडोपा चालू असेल तर आयर्नमुळे तिचं शोषण कमी होतं, म्हणून दोन्हीच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ॲसिडिटीच्या अँटासिडने आयर्नचं शोषण घटतं, तिथेही दोन तास. ज्यांना थायरॉइड, आयर्न, कॅल्शियम तिन्ही आहेत त्यांना साधारण असं बसवता येतं: सकाळी उठल्या उठल्या थायरॉइड, दुपारच्या जेवणाआधी तासभर आयर्न, कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. तुमच्या दिवसाप्रमाणे बदला, पण अंतरं पाळा.

चौथी पायरी: मळमळ आणि उलटी

वेळ बदलून भागलं नाही तर रात्रीची वेळ करून बघा, बऱ्याच जणींना झोपेत मळमळ जाणवतच नाही. फक्त गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, तासभर तरी बसून किंवा फिरून मग झोपा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत रेंगाळून जळजळते. गोळी पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत घ्या, नुसत्या एका घोट पाण्यासोबत नको.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी जीव नकोसा झालेला असतो तेव्हा आयर्न आणखी भर घालतं. अशा वेळी डॉक्टर कधी कधी आयर्न काही आठवडे पुढे ढकलतात किंवा कमी करतात, हिमोग्लोबिन बरं असेल तर ते चालतं, पण फॉलिक ॲसिड मात्र सोडायचं नाही, म्हणून आयर्न आणि फॉलिक एकाच गोळीत असेल तर फॉलिकची वेगळी गोळी मागून घ्या. मळमळीसाठी आलं आणि बी ६ व्हिटॅमिन हे दोन्ही प्रेग्नन्सीत वापरले जातात, बी ६ किती घ्यायचं ते विचारून.

गोळी घेतली आणि लगेच उलटी झाली तर? लगोलग दुसरी गोळी घेऊन पोटाला आणखी त्रास देऊ नका, पुढची ठरलेल्या वेळी घ्या. रोजच असं होत असेल तर फोन करा. आदल्या दिवशीची राहिली म्हणून आज दोन, असंही कधी करायचं नाही.

पाचवी पायरी: रोज एक की एक दिवसाआड

हे डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे आणि मला वाटतं जितक्या जणी विचारतात त्यापेक्षा खूप जास्त जणींनी विचारायला हवं. आयर्नचा मोठा डोस पोटात गेला की लिव्हरमधून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं, ते आतड्याला सांगतं की आता पुरे, आणि हा परिणाम साधारण दिवसभर टिकतो. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं आयर्न कमी शोषलं जातं आणि जास्त आतड्यात उरतं. आयर्न कमी असलेल्या पण प्रेग्नंट नसलेल्या बायकांवरच्या अभ्यासांत एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून दर गोळीमागे शोषण जास्त झालेलं दिसलं. प्रेग्नन्सीसाठीच्या ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांतही गोळी सोसत नसेल तर कमी आयर्नची गोळी किंवा एक दिवसाआड हा पर्याय दिलेला आहे. दिवसातून दोनदा-तीनदा गोळी लिहून दिलेली असेल आणि त्रास होत असेल तर हाच मुद्दा घेऊन जा.

ज्यांना ॲनिमिया नाही आणि रोजची गोळी अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी, ॲनिमियाचं प्रमाण कमी असलेल्या समाजांत, जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यातून एकदा १२० मिलिग्रॅम आयर्न आणि २.८ मिलिग्रॅम फॉलिक असाही पर्याय ठेवलाय. पण यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नका, हिमोग्लोबिन ९ असताना आठवड्याची गोळी पुरणार नाही.

सहावी पायरी: बद्धकोष्ठता

सगळ्यात जास्त छळणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. लाज वाटते म्हणून बाई सांगत नाही, कुंथून कुंथून मूळव्याध होते आणि मग डिलिव्हरीनंतर बसणंसुद्धा अवघड. म्हणून गोळी सुरू झाली त्याच दिवसापासून याची तयारी करा, पोट अडल्यावर नको.

पाणी आणि फायबर दोन्ही एकत्र वाढवायचे. नुसतं फायबर वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर शी आणखी घट्ट होते, हे खूप जणींच्या बाबतीत होतं. दिवसभरात ८ ते १० ग्लास पाणी, आणि फायबर दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत, पण आठवडाभरात हळूहळू, एकदम वाढवलं तर पोट फुगतं. सालासकट फळं, भाज्या, कडधान्यं, अख्खं धान्य, भिजवलेल्या मनुका, सुकलेले प्रून, किवी, यातलं जे मिळेल आणि आवडेल ते. फक्त कोंडायुक्त धान्याचा भरपूर फायबरचा नाश्ता आणि आयर्नची गोळी एकाच वेळी नको, कोंड्यातल्या फायटेटने आयर्न अडतं.

रोज २०-३० मिनिटं चालणं, डॉक्टरांनी आराम सांगितला नसेल तर. आणि संडासला जायची वेळ ठरवा, नाश्त्यानंतर आतडी आपोआप हलतात, तेव्हा निवांत जाऊन बसा, घाई नको पण १० मिनिटांपेक्षा जास्त बसूनही राहू नका. कमोड असेल तर पायाखाली लहान स्टूल घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात, थोडं पुढे वाका, तोंडाने श्वास सोडत राहा, श्वास रोखून जोर लावायचा नाही. वाटलं की लगेच जायचं, थोपवलेली शी आत कोरडी होत जाते.

एवढं करूनही दोन-तीन दिवस पोट साफ होत नसेल तर औषध घ्यायला काही हरकत नाही, उगाच सोसत बसू नका. इसबगोल चालतं, पण भरपूर पाण्यासोबत आणि आयर्नपासून दोन तास लांब, आणि त्याचा गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, पहिल्याच रात्री काही झालं नाही म्हणून सोडू नका. लॅक्टुलोज सिरप किंवा मॅक्रोगोलची पावडर ही प्रेग्नन्सीत नेहमी दिली जाणारी औषधं आहेत, डॉक्टरांकडून डोस घ्या. सोनामुखीसारखी आतड्याला ढोसणारी औषधं विचारल्याशिवाय नको. आणि एरंडेल तेल अजिबात नाही, कुणीही कितीही प्रेमाने दिलं तरी, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

काळी शी: केव्हा ठीक, केव्हा नाही

गडद हिरवट किंवा काळी, पण नेहमीसारखी बांधलेली शी असेल तर घाबरू नका, ते न शोषलेलं आयर्न आहे. पण डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि नेहमीपेक्षा खूप घाण वास असलेली शी आतल्या रक्तस्रावाची असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. लाल रक्त दिसलं तर मूळव्याधच असेल असं परस्पर ठरवू नका, दाखवा.

तोंडाची चव, दात, जळजळ, जुलाब

चवीसाठी गोळी चघळायची नाही, जिभेवर रेंगाळू द्यायची नाही, नंतर लिंबाची फोड किंवा थंड पाण्याची चूळ. आयर्नचं सिरप असेल तर दात काळपट होतात, ते स्ट्रॉने जिभेच्या मागच्या बाजूला प्या, लगेच चूळ भरा. डाग वरवरचे असतात, डेंटिस्टकडे क्लिनिंगने निघतात. जळजळ असेल तर झोपण्याआधीची गोळी दुपारवर आणा. जुलाब होत असतील तर ते आयर्नमुळेही होतात, पण आधी डोस कमी करून बघायला सांगा आणि पाणी कमी पडू देऊ नका.

सातवी पायरी: गोळीचा प्रकार बदलणं

इतकं करून दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर प्रकार बदलायला सांगा. कमी एलिमेंटल आयर्न असलेला क्षार, किंवा सिरप, सिरपचा फायदा हा की डोस थोडा थोडा वाढवता येतो. हळूहळू विरघळणाऱ्या, कोटिंगच्या गोळ्यांनी पोटाला त्रास कमी होतो, पण त्यातलं आयर्न जिथे सगळ्यात जास्त शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भाग ओलांडूनच ते बाहेर पडतं, त्यामुळे हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर मला त्या पसंत नाहीत. त्या तोडू किंवा कुटू तर मुळीच नका.

ॲनिमिया आहे आणि तोंडाने काहीच सोसत नाही, किंवा घेऊनही आकडा हलत नाही, किंवा दिवस कमी उरलेत, अशा वेळी शिरेतून आयर्न देतात. पहिल्या तीन महिन्यांत ते टाळतात, नंतर देतात. दवाखान्यातच द्यावं लागतं, कारण क्वचित ॲलर्जी येऊ शकते, म्हणून नंतर निदान अर्धा तास थांबवून ठेवतात. सुई लावलेल्या जागी जळजळलं किंवा सुजलं तर लगेच नर्सला सांगा, औषध बाहेर गळालं तर त्वचेवर तपकिरी डाग दीर्घकाळ राहतो. शिरेतून आयर्न घ्यावं लागलं म्हणजे तुम्ही कुठे कमी पडलात असं अजिबात वाटून घेऊ नका, काही पोटांना गोळी सोसतच नाही.

पुढची तपासणी

डोस किंवा प्रकार बदलल्यावर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन बघतात. तोपर्यंत वाढ दिसायला सुरुवात व्हायला हवी, नसेल तर गोळ्या खरंच किती घेतल्या हे डॉक्टरांना अगदी खरं सांगा, दहातल्या चार घेतल्या असतील तर चार. त्या आकड्यावरच ते ठरवतात की गोळी बदलायची, टेस्ट करायची की शिरेतून द्यायचं.

वाट न बघता लगेच जायचं ते केव्हा: पाणीही पोटात टिकत नाही, पोटात असह्य दुखतंय, बसल्या जागी दम लागतोय किंवा छातीत धडधडतंय, चक्कर येऊन पडलात, गोळीनंतर अंगावर पुरळ उठलं, ओठ-चेहरा सुजला.

घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात किंवा खूप उंचावर. रंगीत गोळ्या मुलांना खाऊ वाटतात आणि आयर्नची विषबाधा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. मुलाने गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी पाकीट सोबत घेऊन थेट हॉस्पिटल, मूल मजेत खेळताना दिसत असलं तरी, कारण सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर काही तास बरं वाटतं आणि मग तब्येत अचानक ढासळते.

आणि डिलिव्हरी झाली की गोळी फेकून देऊ नका. ॲनिमियासाठी गोळी चालू असेल तर हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला साधारण ३ महिने, आणि डिलिव्हरीनंतर किमान ६ आठवडे ती चालू ठेवायला सांगतात. डिस्चार्जच्या वेळी किती दिवस घ्यायची आणि पुढचं हिमोग्लोबिन कधी तपासायचं, हे दोन्ही कागदावर लिहून घ्या, बाळाच्या गडबडीत तोंडी सांगितलेलं लक्षात राहत नाही.